आईच्या नारळाचं तेल

आमच्या दारातल्या नारळाला कधी नारळ लागला नाही. आईने तो घोडेगावच्या बाजारातून आणला होता. आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हैस विकायला गेले होते आणि आई त्यांच्यावर लक्ष ठेवायला. म्हशीचा व्यवहार उरकला, माणसं चहाला पांगली, आणि रस्त्याकडेला आईला रोपांचा टेम्पो दिसला. आंध्रातला ठेंगू नारळ आहे, टेम्पोवाला म्हणाला, उभ्याने हात घालून तोडाल. आईने घासाघीस केली, जमेना म्हणून पाठ फिरवली, त्याने हाक मारेपर्यंत मुद्दाम हळू चालली, आणि शेवटी काळ्या पिशवीतलं ते रोप काखोटीला मारून घरी आली.

मोरीच्या पाण्यावर झाड माजलं. आई अधूनमधून त्याच्या बुंध्यात मूठभर खडेमीठ घालायची. नारळाला मीठ लागतं हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, समुद्र कुणी पाहिलेला नसला तरी. पुढे झाडाला घड धरले, पण ते भलतेच निघाले. सुपारीएवढी काळपट फळं, एकमेकांत गच्च बसलेली, आणि मधून काटे. पिकली की शेंदरी होऊन गळायची, खारी त्यांना तोंड मारायच्या. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारायच्या, "काय वं, तुमच्या नारळाला सुपाऱ्या आल्या का?" एकीने तर 'वांझोटा नारळ' असं नावच पाडलं. आई वरवर हसायची आणि त्या संध्याकाळी मिठाची एक मूठ जास्त घालायची.

तोडायचा प्रश्नच नव्हता. दारचा नारळ तोडला की घरातलं माणूस जातं, असं म्हणतात. झाड न तोडताही आई गेली. त्यानंतर मीठ घालायचं काम आण्णांनी आपणहून घेतलं.

मग आण्णांच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात त्यांच्या काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तळलेलं बंद, वनस्पती तूप बंद, पामतेलाचं तर नावही काढायचं नाही. हे ऐकताना मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं बळही आलं. हुकूम सोडायला मला आवडतं. मी नगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तक उशिरा आणणाऱ्या प्राध्यापकालाही मी सोडत नाही, तर घरचा माणूस कुठून सुटणार? दर रविवारी गावी जायचं, आधी स्वयंपाकघरात शिरायचं आणि तेलाची बरणी उजेडात धरून बघायची. आण्णा ओट्यावरून ओरडायचे, "आला का फौजदार?" शेजारच्या काकू त्यांना भाकरी-कालवण करून देत. त्यांनाही मी तेलाचं माप ठरवून दिलं होतं.

झाडाचं खरं नाव आम्हाला कळलं ते कांद्याच्या ट्रकमुळे. आमच्याच वस्तीवरचा एक ट्रकवाला कांदा घेऊन आंध्रात जातो. त्याने एकदा दारात ट्रक उभा केला, झाडाकडे मान वर करून बघितलं आणि हसायलाच लागला. त्या संध्याकाळी आण्णांचा फोन आला. आवाज असा होता की मला वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलं.

"आगं, तुझ्या आईचा नारळ नारळच न्हाई! तेलाचं झाड हाय ते. तिकडं शेतंच्या शेतं हायेत म्हनं याची. रेशनला पामतेल येतं का न्हाई, ते याचंच!"

"बरं मग?" मी म्हणाले.

"बरं मग काय? वांझोटं न्हवतं ना झाड! तेल काढायचं आपन."

आठवडाभर थांबून त्यांनी घड पिकू दिला, आणि रविवारी मी गेले तेव्हा सगळी तयारी करून बसले होते. बांबूला कोयता बांधून घड उतरवला. तो ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावा लागतो, म्हणजे फळं सैल होतात, असं ट्रकवाल्याने सांगितलं होतं. मी सोमवारची रजा टाकली. आता नाकारत नाही, मलाही उत्साह आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चिमट्याने फळं काढत बसलो. काटे बोटात घुसायचे आणि आण्णा मला म्हणायचे, "तुझ्या आईचंच झाड हाय, टोचनारच." फळं मोठ्या पातेल्यात घालून चुलीवर शिजवली. काकूंनी ती उखळात घालून चेचली. आतली बाठ कडक, ती तशीच राहते. वरचा गर दोऱ्यांसकट सुटतो. तो गरम पाण्यात कालवून पिळला, चोथा टाकला आणि ते शेंदरी पाणी परत चुलीवर चढवलं. बराच वेळ नुसता फेस येत होता. आण्णा नुसता जाळ सारत होते. मग फेसाच्या कडेला तेल दिसायला लागलं.

पळीने ते वरचेवर काढून कढईत घातलं आणि त्यातलं पाणी आटवलं. तडतड थांबली तेव्हा खाली लालभडक, पारदर्शक तेल राहिलं. त्याला शिजलेल्या लाल भोपळ्यासारखा वास येत होता. आण्णांनी जुन्या धोतराच्या फडक्यातून ते गाळलं. एवढ्या उस्तवारीतून एक बाटली भरली.

"मारुतीच्या अंगावरून उतरल्यावानी दिसतंय," ते म्हणाले. आणि कढईच्या तळाशी राहिलेल्या थेंबाला बोट लावून ते बोट तोंडाकडे नेलं.

मी त्यांचं मनगट धरलं.

"आण्णा, हे पामतेल आहे. डॉक्टर काय म्हणालेत?"

"ते दुकानातल्याला म्हनले. हे घरचं हाय."

घरचं आहे या शब्दापुढे आमच्याकडे कुठलाही डॉक्टर टिकत नाही. पण मी टिकले. आण्णांनी मग वेगळा सूर लावला. आखाडात कापण्या तळू, म्हणाले, तेवढ्यापुरतं तरी. आषाढ महिन्यात आमच्याकडे तळण करतात, त्याला आखाड तळणं म्हणतात. कणीक आणि गुळाच्या शंकरपाळ्यासारख्या कापण्या, वरून खसखस लावलेल्या. लेकीबाळींना त्यांचा डबा जातो. आईच्या कापण्या दगडासारख्या कडक असत, आणि आण्णा त्या दातांनी मोडून दाखवत. आई गेल्यापासून आमच्या घरात आखाड तळला नव्हता.

"तिच्या झाडाच्या तेलात तिचा आखाड तळायचा," आण्णा म्हणाले. "एकदा खाऊ दे. मग तू म्हनशील तसं."

एवढंच मागणं होतं. मला नाही म्हणवेना आणि हो म्हणायची हिंमत होईना. मी म्हणाले, "आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे सर आहेत. रोज ग्रंथालयात येतात. त्यांना हे तेल दाखवते, तुमच्या तब्येतीचंही सांगते. ते हो म्हणाले तर तळू."

आण्णांनी बोट धोतराला पुसलं. बाटलीचं बूच घट्ट बसवलं, फडक्यात गुंडाळली आणि सगळीच्या सगळी माझ्या पिशवीत ठेवली. स्वतःला वाटीभरही ठेवून घेतलं नाही. "इचार," म्हणाले. "शिकल्याली मानसं हायेत ती."

सर खरंच रोज यायचे. अकराच्या सुमाराला माझ्या टेबलासमोर बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि जाताना ते नीट घडी घालून ठेवायचे. बाटली माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती. सर आणि बाटली यांच्यामध्ये एक लाकडी फळी होती, एवढंच अंतर. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. पाण्याच्या जुन्या बाटलीत शेंदरी तेल घेऊन या गृहस्थांपुढे काय उभं राहायचं? दुसऱ्या दिवशी गर्दी होती. त्यानंतर मात्र मला कारणही लागेना. सर हो म्हणाले असते तर आण्णांनी तळलेलं खाल्लं असतं, आणि काही झालं असतं तर माझ्या माथी आलं असतं. नाही म्हणाले असते तर आण्णांना ते सांगावं लागलं असतं. विचारलंच नाही तर सगळं आहे तसं राहणार होतं, आणि तेलाची बरणी माझ्या हातात राहणार होती. हे सगळं मी आता मांडते आहे. तेव्हा मी फक्त उद्या विचारू म्हणत होते.

आण्णांचा फोन यायचा. "दिलं का सरांना?"

"दिलं."

"काय म्हनले?"

"चाखून बघून सांगतो म्हणाले."

पुढच्या फोनला मी परीक्षा पुढे केल्या. त्याच्या पुढच्या फोनला परीक्षा संपल्या होत्या आणि मला दुसरं काही सुचेना. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "सर रजेवर आहेत, आण्णा. पोट बिघडलंय त्यांचं."

 

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"झाले की चार-पाच दिवस."

"लई हाय का?"

"असेल. मी कुठे बघायला गेले?" मी घाईत होते. कुकरची शिट्टी होत होती, हेही आठवतंय.

त्या दिवसापासून आण्णांनी तेलाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरले. म्हातारं माणूस, चार दिवस एखादं वेड घेतं आणि सोडून देतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. फोनवर आता ते फक्त सरांची चौकशी करायचे. ती आजाराची थाप मला सोयीची पडली होती, म्हणून मी ती लांबवली. सर दवाखान्यात दाखवून आले. सरांना पथ्य सांगितलं. खोटं बोल पण रेटून बोल, आणि मी रेटत होते. समोर सर धडधाकट बसून वर्तमानपत्र वाचत असायचे, कधी भजी खाऊन आलेले.

एका रविवारी आण्णांनी पिशवीभर डाळिंबं दिली. "पोटाला चांगली. सरांना नेऊन दे." त्यानंतर लिंबं दिली. एकदा काकूंकडून घरचं ताक काढून घेऊन कॅनमध्ये भरून दिलं. डाळिंबं आम्ही घरी खाल्ली. ताकाची कढी केली. ती कढी भुरकताना मला अवघडल्यासारखं झालं होतं, हे खरं, पण मी वाटी खाली ठेवली नाही. काकूंनी एकदा ओझरतं सांगितलं होतं, "आण्णा शनवारी मारुतीला दिवा लावत्यात, सरांसाठी." मला ते गंमतशीर वाटलं. नवऱ्याला हसून सांगितलं, आमचे आण्णा असे भोळे आहेत म्हणून.

आषाढ लागला. ग्रंथालयात सरांना शिक्का हवा होता आणि मी कपाटाशी होते. त्यांनी खालचा खण ओढला. "हे काय, शेंदूर ठेवलाय का?"

थंडीत ते तेल अर्धं थिजून खाली बसलं होतं, उन्हाळ्यात परत विरघळलं होतं. आता परत खाली जाडसर थर होता आणि वर लाल. सरांनी बूच काढून वास घेतला. मग मी सांगितलं. झाडाचं, काढण्याचं, आण्णांच्या काळजाचं आणि आखाडाचं सांगितलं. त्यांच्या आजारपणाचं सोडून सगळं.

"हे कच्चं पामतेल आहे. गाजरात असतो तोच रंग. खवटलेलं नाही वाटत," ते म्हणाले. "रोज खाऊ नये, डॉक्टरांचं बरोबर आहे. पण वर्षातून एकदा दोन कापण्या खाल्ल्या तर काय होतंय? डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या, तेही हेच म्हणतील. कधीचं आहे हे?"

"माघातलं."

"मग तेव्हाच विचारायचं ना. एका मिनिटाचं काम." त्यांनी शिक्का मारला आणि गेले.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते रागावले, मग एखाद-दुसरी म्हणाले. इतकं सोपं होतं. मला रडू यावं की हसू यावं कळेना. रविवारपर्यंत दम निघाला नाही. दुसऱ्याच दिवशी सुटी टाकली, गूळ घेतला, खसखस घेतली, बाटली फडक्यात गुंडाळली आणि एसटीत बसले. आण्णांना फोन केला नाही. त्यांचं तोंड कसं होतं ते मला समोरून बघायचं होतं.

फाट्यावरून चालत निघालं की आमचं घर दिसायच्या आधी ते झाड दिसतं. त्या दिवशी नुसतं घर दिसलं. पत्रा, पाण्याची टाकी आणि वर रिकामं आभाळ. मला वाटलं, मी वाट चुकले.

अंगणात बुंधा होता, ताज्या कापाचा, ओलसर. झावळ्या कुंपणाला टाकल्या होत्या. आण्णा ओट्यावर बसले होते. मला अवेळी बघून ते घाईने उठले, आणि त्यांनी काय विचारलं, तर "सर बरं हायेत ना?"

"झाड कुठे गेलं, आण्णा?"

"तोडलं." ते परत बसले. "फोनवर सांगवंना मला. अगं, शाळंची पोरं गळल्याली फळं उचलून चोखत्यात. सरांसारखा जानता मानूस नुसतं चाखून इतकं महिने अंथरुनाला खिळला, तर लेकराचं काय व्हईल? मानसाच्या पोटाला बाधनारं झाड दारात कशाला? तुझ्या आईची माफी मागितली मी. नारळ फोडून मागितली."

 इतके महिने हा माणूस आपल्या तेलाने एका माणसाला आजारी पाडलं, असं समजून जगत होता. डाळिंबं त्यासाठी होती. ताक त्यासाठी होतं. शनिवारचा दिवा त्यासाठी होता, आणि मी तो किस्सा हसून सांगितला होता. पोरं ती फळं चोखत होती आणि एकाचंही पोट दुखलं नव्हतं, हे सुद्धा त्यांना दिसलं नाही, कारण त्यांच्या लेकीचा शब्द त्यांना डोळ्यांपेक्षा खरा होता.

"आण्णा, सर आजारी नव्हते," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"कधीच नव्हते. मी त्यांना तेल दिलंच नव्हतं. काल दाखवलं. ते म्हणाले चांगलं आहे, थोडं खायला हरकत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. सगळं खोटं."

मी शिव्यांची वाट बघत होते. त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तरी मला बरं वाटलं असतं. आण्णा माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांचे खांदे सैल पडले.

"म्हंजी त्यांना काय झालंच न्हाई?"

"नाही."

"पोट दुखलंच न्हाई?"

"नाही, आण्णा."

"मंग लई बरं झालं बाई," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मला झोप न्हवती गं. त्यांची बायकापोरं मला काय म्हनत असतील, असं वाटायचं." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. बुंध्याकडे त्यांनी त्यानंतर पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. त्याबद्दल ते मला काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि अजूनही नाही.

"आखाड तळायला आले होते," मी पिशवी पुढे केली. 

"मंग तळ की. आलीस तशी."

काकूंनी कणीक मळून दिली. गुळाचं पाणी जास्त झालं, मी रडत होते म्हणून माप चुकलं, कापण्या मऊ झाल्या. बाटलीतलं सगळं तेल कढईत ओतलं. ते तापलं तशी घरात भोपळ्याचा तो वास पसरला आणि कापण्या वर आल्या त्या शेंदरी रंगाच्या. पहिली देवापुढे ठेवली. दुसरी आण्णांनी अंगणात नेऊन बुंध्यावर ठेवली. तिसरी ते खायला बसले. पुढचे दात वैशाखात काढले होते, कवळी अजून आलेली नव्हती. त्यांनी कापणी चहात बुडवली. चहावर लाल तवंग आला. त्यांनी कापणी चोखून चोखून खाल्ली आणि मग तवंगासकट तो चहाही पिऊन टाकला.

"ग्वाड हाय," ते म्हणाले. "तुझ्या आईला सांगायला पायजे हुतं."

गूळ जास्त झालेल्या कापण्यांनी कढईतलं सगळं तेल पिऊन टाकलं होतं. काकूंनी डबा भरायला घेतला. आण्णांनी तो हातात घेतला, त्यातल्या निम्म्या कापण्या वेगळ्या कागदात बांधल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. "ह्या सरांना दे. आता खरंच दे." मी मानेनेच हो म्हटलं.

"पुढच्या आखाडाला ऱ्हायलंय का तेल थोडं?" त्यांनी सहज विचारलं, सवयीने विचारावं तसं.

मी बाटली उलटी करून दाखवली.